पकड कोणी केली

आखाती देशात, अबू हलीफातल्या आमच्या फ्लॅटची बाल्कनी बाबांची होती आणि बाकी घर आईचं. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून समुद्राची निळी पट्टी दिसायची, पण बाबांनी तिकडे पाठ करून टेबल मांडलं होतं. जाड फळ्यांचं टेबल, त्यांनीच ठोकलेलं, आणि त्याच्या कोपऱ्याला आवळलेला, वस्तू घट्ट धरून ठेवणारा लोखंडी व्हाइस. उन्हाळ्यात तो इतका तापायचा की त्याच्यावर आधी ओलं फडकं टाकावं लागे. धुळीचं वादळ येऊन गेलं की सगळ्या घराच्या खिडक्यांवर पिवळट थर बसायचा, पण आईच्या आधी बाबा बाल्कनीत जाऊन व्हाइसचे आटे ब्रशने साफ करून यायचे. आई म्हणायची की देवांच्या बाबतीत एवढी घाई कधी पाहिली नाही. देव बैठकीच्या खोलीत, फ्रीजवरच्या छोट्या देव्हाऱ्यात होते, आणि त्यांच्यावरची धूळ संध्याकाळपर्यंत थांबू शकत होती.

बाबा मूळ नाशिकचे. शुऐबाच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनीअर होते. पंप बिघडले, पाइप गळले, काही उघडायचं किंवा बसवायचं असलं की त्यांच्या वर्कशॉपकडे यायचं. ते दमून घरी यायचे, अंगाला ग्रीस आणि उन्हाचा वास घेऊन, आणि चहा झाला की पुन्हा लोखंडाकडेच वळायचे. तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची. शुक्रवारी सकाळी दादा, म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा निखिल, खालच्या रेतीच्या मैदानावर क्रिकेटला पळायचा. मी कोपऱ्यावरच्या इराण्याच्या बेकरीतून गरम खुबूस आणायचे. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या त्या मोठ्या रोट्या छातीशी धरून जिना चढताना अंगभर ऊब पसरायची. आई त्यांच्यावर शेंगदाण्याची चटणी आणि कच्चं तेल घालून द्यायची. ताटल्या घेऊन मी आणि बाबा बाल्कनीत जायचो, मागे एसीची घरघर, खाली मुलांचा आरडाओरडा, आणि दुपारची अजान होईपर्यंत आम्हाला कोणी हाक मारायचं नाही.

बाबांना एक वेड लागलं होतं. अमेरिकेतली जुनी पेटंटं नेटवर बघता येऊ लागली होती, आणि बाबा ऑफिसातल्या प्रिंटरवर त्यांची चित्रं छापून आणायचे. नवीन पेटंटं त्यांना आवडायची नाहीत. त्यांना हवी असायची शंभर वर्षांपूर्वीची, शेतकऱ्यांची, रेल्वेच्या माणसांची, लोहारांची. मक्याचे दाणे सोलायचं यंत्र. गाडीच्या हादऱ्यांनी रुळाच्या जोडातला नट सैल होऊ नये म्हणून केलेल्या नाना तऱ्हा. गवताचा भारा माळ्यावर चढवायचा आकडा. रूळ उचलून नेण्यासाठी दोन माणसांनी धरायची पकड. ती चित्रं किती सुंदर असायची! बारीक शाईच्या रेघांनी लोखंडाची गोलाई दाखवलेली, प्रत्येक भागाला आकडा, आणि खाली शोधकाची सही, शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या. मजकुराची सुरुवात बहुतेक एकाच थाटाची असायची आणि बाबा ती उभं राहून मराठीत करून वाचायचे: सर्वांना विदित असो की मी, अमुक, तमुक गावचा रहिवासी, याने काही नव्या आणि उपयुक्त सुधारणा केल्या आहेत. मला ते फार आवडायचं. कुठल्या तरी मक्याच्या शेतातला माणूस, ज्याला गावाबाहेर कोणी ओळखत नसेल, तो सगळ्या जगाला उद्देशून बोलतोय असं वाटायचं.

एकदा एका बाईचं पेटंट सापडलं. शेतावरच्या बाईने दूध घुसळायच्या यंत्रात काहीतरी सुधारणा केली होती. बाबांनी ते चित्र मला दिलं आणि मी ते कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं. त्याच दिवशी त्यांनी मला समजावून सांगितलं की शोधाचा मालक बदलू शकतो. शोध विकता येतो, कंपनीला देता येतो, बक्षीस म्हणून देता येतो. पण शोधक बदलत नाही. ज्याच्या डोक्यातून आलं त्यानेच शपथेवर सांगावं लागतं की हे माझं. हे सांगताना त्यांचा आवाज कसा गंभीर झाला होता ते मला अजून आठवतं. मी तेव्हा दहावीत होते, आणि माझे बाबा हे जगातले सर्वांत सरळ गृहस्थ आहेत याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

त्याच सुमारास त्यांच्या वर्कशॉपमध्ये एका फिटरची बोटं चेंगरली. पाइपचे जड तुकडे चेनब्लॉकने, म्हणजे साखळीच्या कप्पीने, उचलून ठेवायचं काम होतं. सांडशीसारखी एक मोठी पकड असायची, ती साखळीला टांगलेली. ओझं जितकं जड तितकी ती घट्ट आवळायची, आणि हे फार चांगलं होतं. अडचण खाली ठेवल्यावर यायची. पाइप जमिनीला टेकला की पकड ढिली व्हायची, पण साखळी वर घेतली की ती पुन्हा त्याच पाइपला धरायची. म्हणून कोणीतरी वाकून तिचे जबडे हाताने उघडे धरायचे आणि दुसऱ्याने साखळी ओढायची. त्यात त्या माणसाचा हात सापडला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. इस्पितळातून आल्यावर ते सरळ टेबलाशी गेले.

पुढचे काही शुक्रवार आम्ही फक्त पकडी बघितल्या. बाबांनी गठ्ठाच आणला होता, गवताच्या, बर्फाच्या लाद्यांच्या, ओंडक्यांच्या, रुळांच्या. कशात दोरी ओढायची होती, कशात खिटी काढायची होती, पण सगळ्यांत हात जवळ न्यावा लागत होता. मला ते कसं सुचलं हे मी तेव्हापासून आजपर्यंत अनेकदा आठवून पाहिलं आहे, कारण ती माझी एकुलती एक मिळकत आहे. मी भूमितीचा गृहपाठ करत होते आणि कंटाळून बॉलपेन टिकटिकवत होते. दाबलं की आत, दाबलं की बाहेर. एकच हालचाल, पण एकदा एक होतं आणि पुढच्या वेळी उलटं. मी पेन उघडलं, आतला दातेरी तुकडा तळहातावर घेतला आणि तशीच बाल्कनीत गेले. पकड खाली टेकली की हे एक घर पुढे सरकेल, मी बाबांना सांगितलं, आणि जबडे उघडे अडकून राहतील. मग साखळी वर घ्या, ती रिकामी येईल. पुढच्या पाइपवर टेकली की आणखी एक घर सरकेल आणि अडकण सुटेल. मग उचला. हात लावायचाच नाही.

बाबांनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला. चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाले, "मनू, हे मला सुचलं नसतं."

आयुष्यात मला पुष्कळ शाबासक्या मिळाल्या, पण त्या वाक्याची सर कशालाच नाही.

सहा-सात महिने आम्ही ती पकड केली. आधी पुठ्ठ्याची, मग जुन्या कपाटाच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची, शेवटी पोलादाची. वर्कशॉपमधून बाबा कापून आणायचे आणि घासायचं काम माझं. अडकण नीट सुटायची नाही म्हणून मी तिचे दात तीनदा नव्याने आखले. आई तांदळाची मोकळी डबडी वाळूने भरून वजनं म्हणून द्यायची आणि स्वयंपाकघरातून रोज विचारायची की आज सुटली का गं. दादा अधूनमधून यायचा, दाराच्या चौकटीला टेकून खुबूसचा तुकडा चावत बघायचा आणि जायचा. त्याला त्यात रस नव्हता आणि नसण्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तो मनाने चांगला मुलगा होता. हसरा, कोणाशीही पटकन दोस्ती करणारा. फक्त अभ्यासात तो मागे पडत चालला होता आणि अमेरिकेला जायचं त्याने आठवीपासून ठरवून ठेवलं होतं. घरात त्यावरून कुजबूज चालायची. कुणीतरी बाबांना सांगितलं होतं की तिकडच्या कॉलेजांना नुसते मार्क नको असतात, मुलाने काहीतरी वेगळं करून दाखवलेलं लागतं. ते वाक्य मी ऐकलं होतं. त्यात माझ्याशी संबंधित काही आहे असं मला वाटलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास आमच्या मराठी मंडळाचा मोठा कार्यक्रम असायचा, सालमियातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये. बाबा म्हणाले की या वेळी आपली पकड सगळ्यांना दाखवायची. आपली, हाच शब्द त्यांनी वापरला. मी आदल्या दिवशी ती बारीक पॉलिशपेपरने घासून आरशासारखी केली. आईने माझ्यासाठी काळा, चंदेरी बुट्ट्यांचा ड्रेस शिवून घेतला होता. मंचावर काय बोलायचं त्याची मी बाथरूमच्या आरशासमोर मराठीत तालीम केली, कारण मंडळात इंग्रजी बोललेलं काही जुन्या लोकांना आवडायचं नाही. गाडीत ती पकड पिवळ्या फडक्यात गुंडाळून मी मांडीवर घेतली होती. ती चांगली जड होती, सालमिया येईपर्यंत माझ्या मांड्यांना रग लागली, तरी मी ती खाली ठेवली नाही. दादा शेजारी बसला होता, नवीन ब्लेझर घालून, आणि खिडकीबाहेर बघत होता. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण मी विचारलं नाही.

हळदीकुंकू झालं, लहान मुलांचे नाच झाले. मग मंडळाचे अध्यक्ष माइकसमोर आले आणि म्हणाले की आता आपल्यातलाच एक तरुण संशोधक, ज्याच्या शोधाचा पेटंटसाठी अर्ज थेट अमेरिकेत गेला आहे, आपल्याला त्याची करामत दाखवणार आहे. आणि त्यांनी निखिलचं नाव घेतलं. मला वाटलं त्यांची चूक झाली. दोन भावंडांत होतं असं कधीकधी. मी उठायला लागले. तेवढ्यात बाबा शेजारच्या खुर्चीवरून वाकले, माझ्या हातातलं ते पिवळं गाठोडं घेतलं आणि दादाच्या हातात दिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी अर्धवट उठलेली होते ती तशीच खाली बसले.

दादा चांगला बोलला. इंग्रजीतच बोलला, पण हसत, हातवारे करत, आणि सगळ्यांना तो आवडला. त्याने फिटरच्या बोटांची गोष्ट सांगितली. मग तो म्हणाला की एक दिवस मी गृहपाठ करत होतो, कंटाळलो होतो आणि पेन टिकटिकवत होतो. त्याने खिशातून पेन काढून माइकजवळ धरलं आणि टिकटिक ऐकवली. लोक हसले. मी ते पेन उघडून ज्या क्रमाने बाबांना सांगितलं होतं त्याच क्रमाने, एक घर पुढे, आणखी एक घर पुढे, ते सगळं त्याच्या तोंडून बाहेर पडत होतं. मला राग येत होता असं नाही. मला वाटत होतं की मीच कुठेतरी चुकते आहे, ती दुपार घडलीच नव्हती की काय. टाळ्या वाजल्या तेव्हा माझेही हात वाजले. शेजारच्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझा भाऊ ना गं? अभिमान वाटत असेल तुला." मी मान हलवली.

परतताना बाबांनी किनाऱ्याचा रस्ता घेतला. फिंतासच्या पुढे आल्यावर मी विचारलं की अर्जावर शोधक म्हणून कुणाचं नाव आहे. बाबा म्हणाले, निखिलचं. मी म्हणाले की मालक बदलतो पण शोधक बदलत नाही असं तुम्हीच सांगितलं होतं. बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, त्या संध्याकाळी पहिल्यांदाच.

"तुला गरज नाही मनू," ते म्हणाले. "तू हुशार आहेस. तू कुठेही जाशील. त्याचं काय होणार?"

ते हे अगदी शांतपणे म्हणाले. माझी हुशारी हेच कारण झालं होतं. मी मठ्ठ असते तर कदाचित माझी वस्तू माझ्याकडे राहिली असती. मग घरातलीच गोष्ट आहे, घरातच राहिली, असं काहीतरी ते पुढे बोलले, आणि ते ऐकताना मला दिसलं की आई पुढच्या सीटवर मान खाली घालून बसली आहे. तिने एकदाही चकित होऊन विचारलं नव्हतं.

"आई, तुला माहीत होतं?"

"होतं," आई म्हणाली. "गणपतीपासून."

म्हणजे गणपतीपासून संक्रांतीपर्यंत ती रोज माझी वेणी घालत होती, रोज विचारत होती की आज सुटली का गं. काळा ड्रेस तिने स्वतः शिंप्याकडून आणला होता. बाबांचं मी कधीतरी समजून घेऊ शकेन, त्यांच्यासमोर एक नापास होत चाललेला मुलगा होता. आईचं ते सगळं रोजचं प्रेम मात्र मला परत तपासावं लागलं, आणि तपासलेलं प्रेम पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

दादा दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत आला. आपण हे मागितलं नव्हतं, असं तो म्हणाला. भाषण बाबांनी लिहून दिलं होतं आणि पाठ करून घेतलं होतं. "इट्स जस्ट अ नेम, मनू," तो म्हणाला, आणि लगेच, माझा चेहरा बघून असेल, म्हणाला की तिकडे गेल्यावर सगळं खरं सांगून टाकीन. मला वाटतं त्या क्षणी तो खरंच तसं ठरवून बोलत होता. तो गेला, त्याला प्रवेश मिळाला, पुढे नोकरी मिळाली, घर झालं, मुली झाल्या. सांगायचं राहून गेलं. पेटंटही मंजूर झालं. ती पकड कोणी विकत घेतली नाही, कुठल्या कारखान्यात ती वापरली गेली नाही. बाबांच्या वर्कशॉपमध्ये काही दिवस ती चालली आणि मग नवं यंत्र आलं. मला लोक विचारतात, ज्या थोड्यांना मी हे सांगितलं आहे ते, की मग एवढं काय गमावलंस. मला त्यांना नीट सांगता येत नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी बाबांनी नेहमीसारखी चित्रं आणली. रेल्वेच्या डब्यांची जोडणी होती त्यात, मला नंतर दिसली. ते माझ्या खोलीच्या दाराशी आले आणि म्हणाले की चल, खुबूस गार होतोय. मी अभ्यास आहे म्हणाले. पुढच्या शुक्रवारीही तेच. तिसऱ्या की चौथ्या वेळी ते आत येऊन पलंगाच्या कडेवर बसले. त्यांच्या हातात ताटली होती, दोघांची. ते म्हणाले, "मी एकटा काय करू तिथे?"

मी पुस्तकातून मान वर केली नाही. "दादाला बोलवा," मी म्हणाले. "शोधक तो आहे."

ते उठून गेले. त्यानंतर त्यांनी मला कधी बोलावलं नाही आणि मीही गेले नाही. मी पुण्याला इंजिनीअरिंग केलं, नोकरीला म्हणून पुन्हा इथेच आले, आणि आज शुऐबातच दाबाच्या टाक्या आणि पाइपलाइनी तपासते. दुसऱ्यांनी केलेलं बरोबर आहे की नाही हे सांगणं माझं काम आहे. स्वतःहून काही करावं असं मला पुन्हा सुचलं नाही. सुचलं असतं का, कोण जाणे.

आई-बाबा आता नाशिकला असतात आणि थंडीत माझ्याकडे फिंतासला येतात. बाबा वाकले आहेत, पण स्मरणशक्ती चांगली आहे, औषधांची नावं त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ. गेल्या हिवाळ्यात माझ्या ऑफिसातली एक मुलगी जेवायला आली होती, लातूरची, नुकतीच रुजू झालेली. आईने तिच्यासाठी भरली वांगी केली होती. जेवणानंतर बाबांनी तिला विचारलं की तू काय काम करतेस, आणि तिने सांगितल्यावर ते खुलले आणि त्यांनी तो किस्सा सुरू केला. निखिलचा. किती बारकाईने सांगितला! टेबल, चित्रं, वाळूची डबडी, मुलगा कसा धावत बाल्कनीत आला, तो काय म्हणाला, आपण त्याला काय म्हणालो. मी समोर बसून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर कुठे काही अडखळतंय का ते बघत होते. काही नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना आता ते तसंच दिसत होतं. त्या बाल्कनीतून त्यांनी मला कधी काढलं, हे त्यांनाही ठाऊक नसेल.

आई ताटं उचलत होती. ती थांबली. एवढ्या वर्षांत मी तिच्याकडून ज्याची वाट बघणं सोडून दिलं होतं ते ती पाहुणीसमोर, हातात खरकटी ताटं घेऊन, म्हणाली.

"अहो, ते मनूने केलं होतं."

बाबांनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. ते रागावले नाहीत. लहानपणी माझं गणित चुकलं की समजावायचे तसे ते किंचित पुढे वाकले.

"असं करू नये गं," ते मला म्हणाले. "ज्याचं श्रेय त्याला द्यावं."

पाहुणी मुलगी अवघडून खाली बघू लागली. मी उठले, आईच्या हातातली ताटं घेतली आणि आत नेऊन ठेवली. बाहेर बाबांनी किस्सा जिथे तुटला होता तिथून पुन्हा सुरू केला होता.